कारागृहात असलेल्या न्यायाधीन मनोरुग्ण भावाला उपचार कसे मिळवून द्यावेत?

वारणेची लेक

नमस्कार. माझा धाकटा भाऊ गेले चार महिने आमच्या जिल्ह्याच्या कारागृहात न्यायाधीन बंदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेला कच्चा कैदी, म्हणून आहे. त्याचे वय 31 असून बाविसाव्या वर्षापासून त्याला स्किझोफ्रेनिया आहे. शासकीय रुग्णालयाचे नऊ वर्षांचे केसपेपर, दोन वेळच्या भरतीची डिस्चार्ज कार्डे आणि औषधांच्या चिठ्ठ्या मी एका फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवल्या आहेत. गोळ्या आणि दर महिन्याचे इंजेक्शन सुरळीत चालू असे, तेव्हा तो वडिलांबरोबर द्राक्षबागेत राबत असे, फवारणीच्या तारखा त्याच्याच लक्षात असत आणि नवख्या माणसाला त्याचा आजार सांगूनही पटत नसे. गेल्या उन्हाळ्यात वडील गेले. दिवसकार्याच्या गडबडीत इंजेक्शनची तारीख टळली, पुढच्या महिन्यात तो दवाखान्यात यायलाच तयार होईना, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, गावातल्या एका दुकानाच्या स्पीकरवरून आपल्याविषयी बोलले जाते असे म्हणत त्याने दुकानदारांच्या हातावर लोखंडी पहार मारली. त्यांचा हात मोडला. ते भले गृहस्थ आहेत आणि त्यांनी फिर्याद दिली याबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 118(2) खाली, म्हणजे घातक हत्याराने गंभीर दुखापत केल्याचा, गुन्हा दाखल झाला असून 86व्या दिवशी दोषारोपपत्रही आले. आम्ही नेमलेल्या वकिलांनी जामीन अर्जात आजाराचा उल्लेखच केला नाही. तसे लिहिले तर न्यायालय त्याला बाहेर सोडायला आणखी कचरेल, असे त्यांचे म्हणणे होते. अर्ज फेटाळला गेला.

मागच्या मुलाखतीला मी काचेच्या अलीकडे बसले होते आणि तो पलीकडे. बोलण्यासाठी दिलेला रिसीव्हर त्याने कानाला लावलाच नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरून तो माझ्या डोक्यावरच्या बंद पंख्याकडे पाहत राहिला. थंडी असूनही सदऱ्याची बटणे उघडी होती आणि नखे वाढून वळली होती. वीस मिनिटांत त्याने एकच वाक्य उच्चारले, तेही मला काचेतून ऐकू आले नाही. मी नेलेल्या गोळ्या दरवाज्यावरूनच परत करण्यात आल्या, कारण बाहेरचे औषध आत घेता येत नाही. आतल्या दवाखान्यात त्याच्याविषयी चौकशी केली तेव्हा, तो शांत असतो, कोणाला त्रास देत नाही, असे उत्तर मिळाले. तारखेला त्याला प्रत्यक्ष नेत नाहीत, पडद्यावरच हजर करतात, आणि न्यायालयाच्या रोजच्या नोंदीत, म्हणजे रोजनाम्यात, "आरोपी व्हीसीद्वारे हजर" एवढीच ओळ असते.

त्याला आत औषध मिळावे म्हणून कोणाकडे आणि कसा अर्ज करावा? आजार न्यायालयापुढे मांडणे खरोखरच त्याच्या हिताविरुद्ध आहे का? आणि त्याला मनोरुग्णालयात हलवावे अशी मागणी आम्ही करावी का? आई थकली आहे, धावपळ करणारी मी एकटीच आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

साक्षीपुरावा

ताई, आपण केसपेपर तारखेप्रमाणे लावून ठेवले आहेत, हे फार मोलाचे काम झाले आहे. मी गेली सोळा वर्षे फौजदारी न्यायालयांत वकिली करतो आणि त्यांतली बरीच वर्षे विधी सेवा प्राधिकरणातर्फे बंद्यांची कामे चालवली आहेत. अशा प्रकरणांत अनेकदा कुटुंबाकडे एकही कागद नसतो.

आजार लपवण्याचा सल्ला मला मुळीच पटत नाही, आणि तो का दिला जातो हेही सांगतो. आपल्याकडे दोन वेगळ्या प्रश्नांची गल्लत होते. कृत्य घडले त्या क्षणी आरोपीला आपण काय करतो आहोत, ते चूक आहे, हे कळण्याइतकी शुद्ध होती का, हा एक प्रश्न. तो पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 84 मध्ये होता, आता न्याय संहितेच्या कलम 22 मध्ये आहे. तो बचाव खटल्यात पुराव्यानिशी सिद्ध करावा लागतो आणि ते जबाबदारीचे काम आहे. दुसरा प्रश्न निराळाच आहे: आज, या घटकेला, हा माणूस आपला बचाव करण्यास समर्थ आहे का? आपल्यावर आरोप काय आहे, समोर बसलेले न्यायाधीश कोण, वकिलाला काय सांगायचे, हे त्याला उमजते का? त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 27वे प्रकरण आहे, कलम 367 ते 378. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली कलमे 328 ते 339 ती हीच. 1 जुलै 2024 पासून आकडे बदलले, परंतु टंकलेखकांच्या जुन्या नमुन्यांत अजूनही 328 आणि 330 असेच छापलेले असते, तेव्हा अर्जावर सही करण्यापूर्वी तेवढे तपासून घ्या. पहिल्या प्रश्नाची चर्चा आज करण्याची गरज नाही. दुसरा मात्र ताबडतोब उपस्थित करायला हवा, कारण जो माणूस रिसीव्हर कानाला लावू शकत नाही, तो वकिलाला सूचना काय देणार?

आरोपी मनोविकल असून त्यामुळे बचाव करण्यास असमर्थ आहे, असे मानण्यास कारण दिसले की चौकशी करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच आहे. न्यायालय त्याची जिल्हा शल्यचिकित्सकांकडून तपासणी करवते, त्यांची साक्ष नोंदवते, आणि शल्यचिकित्सकांना तो मनोविकल आढळला तर त्याला मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडे उपचारांसाठी व पुढील अंदाजासाठी पाठवले जाते. तो अहवाल मान्य नसेल तर वैद्यकीय मंडळाकडे अपील करता येते. परंतु पडद्यावर अर्धा मिनिट दिसणाऱ्या आणि काहीच न बोलणाऱ्या आरोपीबद्दल न्यायाधीशांना शंका येण्यास वाव कुठे आहे? म्हणून अर्जात पहिली मागणी प्रत्यक्ष हजर करण्याची असावी. त्याबरोबर केसपेपरच्या प्रती आणि आपले शपथपत्र जोडा. "मनःस्थिती ठीक नाही" असे मोघम लिहू नका. मुलाखतीचा प्रसंग आपण इथे लिहिला आहे तसाच, तारखेसह, शपथपत्रात येऊ द्या.

तो असमर्थ ठरला तर कलम 368 प्रमाणे न्यायालय प्रथम एवढे पाहते की प्रथमदर्शनी प्रकरण उभे राहते का. राहत नसेल तर आरोपीला दोषमुक्त करता येते. आपल्या प्रकरणात जखमी फिर्यादी आणि अस्थिभंगाचा वैद्यकीय दाखला असल्यामुळे ती आशा मी दाखवणार नाही. खटला तहकूब होईल. मात्र मग कलम 369 लागू होते, आणि आपल्या दृष्टीने ते फार महत्त्वाचे आहे. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, आरोपीला रुग्णालयात भरती करून ठेवणे आवश्यक नसेल, आणि जवळच्या रुग्णालयातून त्याचे नियमित बाह्यरुग्ण उपचार करून घेण्याची व त्याच्या हातून स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होऊ न देण्याची हमी नातेवाईक किंवा मित्र देत असेल, तर न्यायालयाने त्याला जामिनावर सोडावे, असे हे कलम सांगते. जामीन देता येत नसेल किंवा अशी हमी देणारे कोणी नसेल, तर नियमित मानसोपचार मिळतील अशा ठिकाणी त्याला ठेवण्याचा आदेश करून राज्य शासनाला तसे कळवावे लागते. निम्मी किंवा एक तृतीयांश शिक्षा भोगून झाल्यावर सुटकेची सवलत कलम 479 मध्ये आहे खरी, परंतु जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्यांना ती लागू नाही आणि 118(2) मध्ये जन्मठेप आहे. त्यामुळे आजार लपवला, तर आपण कलम 369 चा आधारही स्वतःहून सोडून देतो.

आता एक सावधगिरी, आणि ती मी प्रत्येक कुटुंबाला सांगतो. खटला तहकूब झाला की प्रकरण कपाटात जाते. आसाममधील मचांग लालुंग यांना 1951 साली, तेविसाव्या वर्षी अटक झाली आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवण्यात आले. 1967 मध्ये ते बरे असल्याचा निर्वाळा डॉक्टरांनी दिला. त्यांना न्यायालयापुढे उभे करण्याऐवजी गुवाहाटीच्या कारागृहात नेण्यात आले, आणि ते बाहेर आले 2005 साली, 77 वर्षांचे होऊन, खटला कधीही न चालता. बरा झालेला बंदी न्यायालयापुढे आणण्याची तरतूद तेव्हाही कायद्यात होती; तो निर्वाळा घेऊन न्यायालयात जाणारे कोणी नव्हते. म्हणून तहकुबीच्या आदेशातच ठरावीक मुदतीने वैद्यकीय अहवाल मागवण्याची विनंती करा, आणि तो अहवाल आला की नाही हे दर तारखेला स्वतः पाहा.

औषधांचा अर्ज मात्र या सगळ्यापासून वेगळा करा आणि आजच करा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 103 प्रमाणे मनोरुग्ण बंद्याला कारागृहाच्या वैद्यकीय विभागातील मानसोपचार कक्षात किंवा, तो कक्ष नसेल तर, मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाच्या पूर्वपरवानगीने बाहेरच्या मानसिक आरोग्य आस्थापनेत हलवता येते. खटल्यास समर्थ ठरलेल्या बंद्यालाही उपचारांचा हक्क आहेच. वकिलांचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातील लोकअभिरक्षक कार्यालयात जा. कोठडीतील व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत विधी सेवा मिळते, आणि मनोरुग्णाला या हक्काची माहिती देण्याचे कर्तव्य 2017 च्या अधिनियमाच्या कलम 27 ने दंडाधिकारी, पोलीस आणि कोठडीचे प्रमुख या सर्वांवर टाकले आहे.

दुकानदारांकडे आपण स्वतः जाऊ नका. आपला हेतू कितीही चांगला असला तरी ते साक्षीदार आहेत, आणि भेटीचा अर्थ दडपण असा लावला गेला तर त्याचा फटका भावाच्या जामिनाला बसेल.

ओपीडी मंगळवार

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. शासकीय सेवेत असताना काही वर्षे दर मंगळवारी एका कारागृहात तपासणीसाठी जात असे. "शांत असतो, त्रास देत नाही" हे उत्तर वाचून मला काळजी वाटली, म्हणून प्रथम त्याविषयी लिहितो.

शेदीडशे माणसांच्या बॅरेकमध्ये जो ओरडतो, कपडे फाडतो किंवा मारामारी करतो, तो त्याच दिवशी डॉक्टरांपुढे आणला जातो. जो कोपऱ्यात बसून राहतो, आंघोळ करत नाही, हाक मारल्यावर वळत नाही, त्याला कोणी आणत नाही, कारण त्याच्यामुळे कोणाचे काही अडत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 अखेर देशात सुमारे 5.73 लाख बंदी होते आणि त्यांपैकी 4.34 लाख न्यायाधीन होते. मानसिक आजार असल्याची नोंद असलेले बंदी मात्र नऊ हजारांच्या आसपास, म्हणजे शंभरांत दोनही नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बाहेरच्या प्रौढ लोकांतच हे प्रमाण 10.6 टक्के आढळले होते. कारागृहातली माणसे बाहेरच्यांपेक्षा मनाने अधिक निरोगी असतात यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. तिथे आजार ओळखलाच जात नाही, असाच या आकड्यांचा अर्थ मी लावतो.

रिसीव्हर छातीशी धरून एकाच दिशेने पाहत राहणे हे नुसते अबोलपण नसावे. स्किझोफ्रेनियात काही रुग्ण कॅटाटोनियाच्या अवस्थेत जातात; खाणेपिणे, हालचाल, बोलणे जवळजवळ थांबते. न पाहता निदान करणे योग्य नाही, परंतु या शक्यतेमुळे विलंब परवडणारा नाही, कारण ही अवस्था जिवावर बेतू शकते आणि वेळेत उपचार मिळाले तर बहुधा लवकर सुधारते. कारागृहात दाखल होताना प्रत्येक बंद्याचे वजन नोंदवलेले असते. ते वजन आणि आजचे वजन मागवावे, अशी विनंती अर्जात करा. मत कोणाचेही काहीही असो, दोन वजनांतला फरक न्यायालयाला लगेच कळतो.

दुसरी गोष्ट औषधांची. बाहेरच्या गोळ्या दरवाज्यावर न घेण्यामागे कारण आहे, त्याबद्दल राग धरू नका. आपण द्यायची ती गोळ्यांची पाकिटे नव्हेत, तर माहिती. नेहमीच्या डॉक्टरांकडून एका पानाचे पत्र घ्या: निदान, आजाराची वर्षे, कोणते औषध किती मात्रेत लागू पडले, कोणते सोसले नाही, शेवटचे इंजेक्शन कधी दिले, आणि औषध बंद झाल्यावर पूर्वी किती दिवसांत लक्षणे उलटली. नऊ वर्षांचे फोल्डर कारागृहाच्या डॉक्टरांना वाचायला सवड नसते; हे एक पान ते वाचतील. त्यात महिन्याच्या दीर्घकालीन इंजेक्शनचा उल्लेख ठळक हवा. रोज गोळी गिळली की नाही हे पाहणारे माणूस बॅरेकमध्ये नसते, आणि दुसऱ्या बंद्यांनी गोळ्या काढून घेणे किंवा आजारी माणसाने त्या जिभेखाली ठेवून नंतर थुंकणे हे तिथे नित्याचे आहे. महिन्यातून एकदा दिलेले इंजेक्शन हा तिथल्या परिस्थितीत सर्वांत खात्रीचा मार्ग ठरतो.

बारकाईची आणखी एक गोष्ट. हातपाय आखडू नयेत म्हणून मुख्य औषधाबरोबर ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी देतात. तिचा नशेसाठी गैरवापर होत असल्यामुळे कारागृहात ती द्यायला डॉक्टर नाखूश असतात. मग रुग्णाचे अंग आखडते, लाळ गळते, आणि तो मुख्य औषधही नाकारू लागतो. वर "रुग्ण सहकार्य करीत नाही" असा शेरा पडतो. भावाला ही गोळी लागत असेल तर पत्रात कारणासह लिहून घ्या.

हा धागा इतरही कुटुंबे वाचतील, म्हणून अटकेच्या पहिल्या आठवड्याबद्दल थोडे लिहितो. रोज दारू पिणाऱ्या माणसाची दारू अटकेमुळे अचानक तुटते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी तो भ्रमिष्टासारखा वागू लागतो, थरथरतो, नसलेली माणसे पाहतो. ते ढोंग नव्हे आणि वेडही नव्हे. ती तातडीने रुग्णालयात नेण्याची अवस्था आहे आणि त्यात मृत्यू होऊ शकतो. लिथियम घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत रक्तातील प्रमाण तपासावे लागते, आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडले तर तेच औषध विषारी ठरते. पहिल्या रिमांडच्या वेळीच हे न्यायाधीशांना तोंडी का होईना सांगावे.

खटल्यास समर्थ असल्याच्या दाखल्यांविषयीही बोलले पाहिजे. "रुग्ण फिट आहे" एवढ्या तीन शब्दांचे दाखले मी पाहिले आहेत, आणि सुरुवातीच्या काळात, समोर वीस रुग्ण ताटकळलेले असताना, तसे एकदोन मी स्वतःही लिहिले, याचे मला आजही वाईट वाटते. आरोप काय, शिक्षा काय होऊ शकते, आपला वकील कोण आणि त्याला काय सांगायचे, साक्षीदार खोटे बोलला तर काय करायचे, हे रुग्णाला त्याच्या भाषेत विचारून त्याची उत्तरे अहवालात लिहिलेली असली पाहिजेत. तशी नसतील तर साक्षीच्या वेळी आपल्या वकिलांनी डॉक्टरांना ते प्रश्न जरूर विचारावेत.

निवृत्त तुरुंगाधिकारी

वरील दोन्ही प्रतिसाद योग्य आहेत, पण आतली बाजू कोणीतरी मांडायला हवी. मी 30 वर्षे या खात्यात काढली. ताई, तुमच्या भावाकडे मुद्दाम कोणी दुर्लक्ष करीत असेल असे गृहीत धरून अर्ज लिहू नका. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त बंदी, एक वैद्यकीय अधिकारी आणि रात्रपाळीला मोजके शिपाई, अशा स्थितीत आमची नजर भांडणाऱ्यांवरच असते, हे डॉक्टरसाहेबांचे म्हणणे मी नाकारत नाही. त्यांनी ज्यांना तपासायचे ठरवले त्यांतले काही बंदी, गार्ड मिळाला नाही म्हणून बाहेरच्या रुग्णालयात पोहोचतच नाहीत. गार्ड पोलीस मुख्यालयातून येतो. बंदोबस्त, सण, निवडणूक असली की पहिल्यांदा वैद्यकीय फेऱ्या रद्द होतात. म्हणून न्यायालयाच्या आदेशाची प्रत कारागृह अधीक्षकांबरोबरच पोलीस अधीक्षकांनाही जाईल असे वकिलांना सांगा. हा एक पत्ता आदेशात नसल्यामुळे अडलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

कारागृहात मनोरुग्ण बंदी नाहीत असा तिमाही दाखला वैद्यकीय अधिकाऱ्याने पुनरावलोकन मंडळाला पाठवायचा असतो, असे याच कलम 103 मध्ये आहे, आणि मंडळाला कारागृहात येऊन पाहण्याचाही अधिकार आहे. तुमच्या भावाचे केसपेपर पोचपावती घेऊन अधीक्षकांच्या कार्यालयात दिलेत, की त्यानंतर असा दाखला देताना संबंधितांना त्याचे नाव विसरता येणार नाही.

मनोरुग्णालयात हलवण्याबाबत मात्र माझे मत सावध आहे. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालये चार: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. तिथे बंदी पहाऱ्यातच असतो, घरच्यांना भेटीसाठी लांबचा प्रवास पडतो, आणि तब्येत सावरल्यावर तो डिस्चार्ज कार्ड व थोड्या दिवसांची औषधे घेऊन पुन्हा त्याच बॅरेकमध्ये येतो. औषधे संपली की गाडी मूळ पदावर. डॉक्टरांनी भरती आवश्यक आहे असे सांगितले तर जरूर पाठवा, पण पहिली मागणी इथल्या इथे नियमित तपासणी आणि इंजेक्शनची करा.

साक्षीपुरावा

निवृत्त तुरुंगाधिकाऱ्यांचा पोलीस अधीक्षकांना प्रत पाठवण्याचा सल्ला मी माझ्या नमुन्यात आजच घालून घेतला, आभारी आहे. मनोरुग्णालयाबाबत मात्र थोडा मतभेद नोंदवतो. सध्याच्या अवस्थेत, विशेषतः डॉक्टरांनी कॅटाटोनियाची शक्यता सांगितल्यानंतर, भरतीचा निर्णय अंतराकडे पाहून घेऊ नये. त्याऐवजी परत पाठवताना उपचारांचा आराखडा कारागृहाच्या डॉक्टरांना आणि न्यायालयाला लेखी द्यावा, अशी अट आदेशात मागावी. ज्यांनी गुन्हाच केलेला नाही अशा मनोरुग्णांना कारागृहात ठेवणे बेकायदा व घटनाबाह्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1993 साली मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांच्या याचिकेत ठरवले. तेव्हा "सुरक्षित जागा नाही" हेच कारण पुढे केले जात असे. जागेची अडचण खरी असते, हे मान्य करूनही तिला उपचारांच्या आड येऊ देणे योग्य ठरणार नाही.

म्हापसेकर

आम्ही गोव्याचे. माझ्या मुलाला बायपोलर आहे आणि तीन वर्षांपूर्वी तो सात महिने कच्चा कैदी म्हणून आत होता. कायद्याचे वर आले आहे, मी फक्त हमीपत्राबद्दल सांगतो. आम्ही नवराबायको सत्तरीच्या पुढे असल्यामुळे आमच्या हमीवर न्यायालयाने विश्वास ठेवला नाही आणि ते बरोबरच होते. मुलगा तिरमिरीत उठला तर आम्ही त्याला कसे आवरणार? मग माझ्या मेहुण्याने हमी दिली. न्यायाधीशांनी त्याला उभे करून विचारले की औषधाचा दिवस कोणता, बांबोळीच्या रुग्णालयात कोण नेणार, तुम्ही कामावर असाल तेव्हा त्याच्याजवळ कोण असेल. त्याला सगळे ठाऊक होते, कारण आदल्या रात्री आम्ही चौघांनी बसून आठवड्याचे वेळापत्रक कागदावर लिहिले होते. तो कागदच आम्ही न्यायालयात दिला. तुम्हीही तसा कागद करा, आणि गावापासून दूर राहण्याची दुसरी जागा असेल तर तीही त्यात लिहा. एकटीने सगळे ओढू नका; भाऊबंदांतल्या एखाद्याला आत्ताच विश्वासात घ्या.

वारणेची लेक (पाच आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. इथे मिळालेले प्रतिसाद छापून मी लोकअभिरक्षक कार्यालयात घेऊन गेले होते. तिथल्या मॅडमनी दोन्ही अर्ज वेगवेगळे केले आणि शपथपत्रात मुलाखतीचा प्रसंग घातला. न्यायालयाने कारागृहाकडून अहवाल मागवला. दाखल होताना भावाचे वजन 64 किलो होते, अहवालाच्या दिवशी 51 भरले. पुढच्या तारखेला त्याला प्रत्यक्ष आणण्यात आले. न्यायाधीशांनी दोनदा नाव विचारले. दोन्ही वेळा त्याने वडिलांचे नाव सांगितले. त्याच दिवशी तपासणीचा आदेश झाला आणि प्रत पोलीस अधीक्षकांनाही गेली. त्याला जिल्हा रुग्णालयात अकरा दिवस भरती ठेवले होते. डॉक्टरांनी कॅटाटोनियाच असल्याचे सांगितले. इंजेक्शन पुन्हा सुरू झाले असून दुसरा डोस गेल्या सोमवारी कारागृहातच देण्यात आला.

जामिनावर सरकारी वकिलांचे म्हणणे आले आहे. सुटल्यावर तो फिर्यादींना पुन्हा त्रास देईल, अशी त्यांची हरकत आहे. आम्ही मामांच्या गावी त्याला ठेवण्याची तयारी दाखवली आहे. ते गाव आमच्यापासून 40 किलोमीटरवर आहे आणि तालुक्याच्या रुग्णालयात महिन्यातून एकदा मानसोपचारतज्ज्ञ येतात. मामेभाऊ हमी देणार आहे. म्हापसेकरकाकांनी सांगितल्याप्रमाणे वेळापत्रकाचा कागद आम्ही दोघांनी मिळून केला आहे.

परवाच्या मुलाखतीत त्याने रिसीव्हर कानाला लावला. आवाज अजून संथ येतो आणि हात थोडे थरथरतात. बागेचा माल उतरला का, असे त्याने विचारले. मी हो म्हणाले. मग बराच वेळ थांबून त्याने विचारले की दुकानदारकाकांचा हात आता कसा आहे. मी त्यांच्याकडे गेलेले नाही, मला जाता येत नाही, असे मी त्याला सांगितले. वैद्यकीय दाखल्यात सहा आठवड्यांचे प्लॅस्टर लिहिले होते, तेवढे मला ठाऊक होते, तेही सांगितले. त्याने मान हलवली आणि सहा आठवडे म्हणजे कोणती तारीख येते, ते बोटांवर मोजू लागला.

डॉक्टरांची साक्ष 23 तारखेला आहे. प्रश्नांची यादी मॅडमना दिली आहे. रोजनाम्याची प्रत मिळाली की इथे लिहीन.